पाय भरून येणे : एक वेगळे कारण

"पाय भरून आले" हे आपल्या घरातले इतके नेहमीचे वाक्य आहे की ते ऐकून कोणी मान वर करीत नाही. वारीच्या वाटेवर पाय भरून येतात, लग्नघरात दिवसभर उभे राहून येतात, सिंहगड चढून आल्यावर तर न आले तरच नवल. उपायही ठरलेले: कोमट तेल, मिठाचे गरम पाणी आणि रात्री पायाखाली उशी. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि माझ्या कामाची बरीच वर्षे इथे सलालाहमध्ये गेली आहेत. माझ्याकडे येणाऱ्या दुखऱ्या पोटऱ्यांपैकी बहुतेकींचे मूळ स्नायूत, हाडाच्या आवरणात किंवा कमरेत सापडते. पण एखादी पोटरी अशी येते की तिचे दुखणे यांपैकी कशातच बसत नाही. तिथे अडलेले असते ते रक्त, आणि अडलेले असते गुडघ्याच्या मागे, जिथे सहसा कोणी पाहतच नाही. या दुखण्याची माणसे तरुण असतात, खेळणारी असतात, आणि आडवे झोपवून तपासले तर सगळे ठाकठीक निघते. त्यामुळे त्यांना दोन-दोन, तीन-तीन वर्षे "काही नाही हो, सवय नाही म्हणून" एवढेच ऐकावे लागते. आज त्याच दुखण्याबद्दल जरा सविस्तर सांगायचे आहे.

सलालाह हे चालणाऱ्यांचे गाव. बाकीचे आखात जूनमध्ये एअरकंडिशनरच्या आडोशाला बसते तेव्हा आपल्याकडे २१ जूनच्या सुमारास खरीफ सुरू होतो. (अरबीत खरीफ म्हणजे खरे तर शरद ऋतू. आपल्याकडे तो पावसाळी पिकांचा हंगाम झाला, आणि धोफारात तर पावसाळाच.) सप्टेंबरपर्यंत भुरभुर पाऊस, धुके आणि हिरवे डोंगर. मग इत्तीनच्या चढावर चालायला जाणारी आपली मंडळी दिसू लागतात. हिवाळ्यात हीच मंडळी दहारीझच्या वाळूत संध्याकाळची फेरी मारतात. एरवी ऑफिसच्या खुर्चीत आणि गाडीच्या सीटवर दिवस काढणारी माणसे एकदम उत्साहाने चालू लागतात, त्यांची मुले पळू लागतात. कोरड्या वाळूवर चालायला कठीण जमिनीवर चालण्याच्या दुपटीहून अधिक शक्ती खर्च होते. चढ असो की वाळू, शरीर पुढे ढकलण्याचे मोठे काम पोटरीकडे असते. म्हणून ज्या पोटरीत काही उणे आहे ती गाडीपासून दुकानापर्यंत तक्रार करीत नाही. ती इत्तीनला करते.

आता थोडी शरीररचना, कारण तिच्याशिवाय पुढचे समजणार नाही. गुडघ्याच्या मागे जो खळगा असतो त्याला मराठीत लवण म्हणतात. मांडीतून खाली येणारी मोठी धमनी या लवणीतून पोटरीत उतरते. तिच्या सोबतीला शीर असते आणि मज्जातंतू असतो. पोटरीचा वरचा, बाहेरून फुगीर दिसणारा स्नायू दोन मुळांनी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, मागच्या बाजूने चिकटलेला असतो. एक मूळ आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडे, आणि एक बाहेरच्या बाजूला. ही दोन मुळे म्हणजे दाराच्या चौकटीच्या दोन उभ्या बाजू समजा. धमनी त्यांच्या मधून ऐसपैस जाते. आपण टाच उचलतो तेव्हा दोन्ही मुळे आवळली जातात, पण मधली वाट मोकळी असल्याने धमनीचे काही बिघडत नाही.

ही चौकट आणि ही वाट गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत तयार होतात. आतले मूळ जन्मापासून आपल्या जागेवर नसते. ते वाढत्या गर्भात सरकत सरकत गुडघ्याच्या आतल्या बाजूला येऊन बसते, आणि त्याच सुमारास धमनीही आपला अंतिम मार्ग घेत असते. दोघांच्या वेळा जुळल्या नाहीत की घोटाळा होतो. कधी सरकणारे मूळ धमनीला आपल्याबरोबर ओढत नेते आणि ती चौकटीच्या मधून न जाता आतल्या बाजूने वळसा घालून जाते. कधी धमनी सरळ असते पण मूळच चुकीच्या जागी चिकटते. कधी स्नायूचा एखादा जादा पट्टा धमनीवरून आडवा जातो. कधी खोलवरचा दुसरा स्नायू किंवा तंतूंचा पट्टा तिला अडवतो, आणि काही जणांत शेजारची शीरही सापडते. डॉक्टर याचे क्रमांक देऊन प्रकार पाडतात. आपल्याला ते पाठ करण्याची गरज नाही. मात्र शेवटचा एक प्रकार वेगळा आहे. त्यात रचना सगळी नियमाप्रमाणे असते, पण व्यायामाने पोटरीचा स्नायू इतका भरलेला असतो की आवळल्यावर तोच धमनीला दाबतो. त्याला कार्यात्मक प्रकार म्हणतात. तो तरुण खेळाडू आणि सैनिक यांच्यात दिसतो. त्याच्याकडे पुन्हा वळू. या सगळ्याला मिळून वैद्यकातले नाव आहे पॉप्लिटिअल आर्टरी एन्ट्रॅपमेंट सिंड्रोम. नाव लांबलचक आहे, पण अर्थ एवढाच की लवणीतली धमनी कोंडीत सापडली आहे.

इथल्या नारळ-केळीच्या बागांत पाण्याची रबरी नळी टाकलेली असते. तिच्यावर कोणी पाय ठेवला की धार बारीक होते, पाय उचलला की पुन्हा पूर्ववत. तक्रार ऐकून माळी आला आणि तोवर पाय उचललेला असला, तर त्याला नळीत काडीचाही दोष दिसणार नाही. या दुखण्याचे नेमके असेच आहे. बसलेल्या माणसाच्या पोटरीला रक्त थोडेच लागते. पळू लागल्यावर तीच पोटरी दहापट आणि त्याहूनही अधिक रक्त मागते. नेमक्या त्याच वेळी, प्रत्येक पावलाला, स्नायू आवळून धमनी चिमटली जात असते. मागणी वाढलेली आणि पुरवठा तोडलेला. काही मिनिटे स्नायू जवळच्या शिलकीवर ओढून नेतो, मग पोटरी कडक होते, गोळा आल्यासारखी दुखते, पाऊल गार किंवा बधिर वाटते, मुंग्या येतात. थांबले की स्नायू सैल होतो, धमनी उघडते, आणि दोन-पाच मिनिटांत सगळे देणे फिटून पाय पुन्हा तयार. दवाखान्यात पोचेपर्यंत तर काहीच उरलेले नसते.

चालले की दुखते, थांबले की थांबते, पुन्हा चालले की पुन्हा तेवढ्याच अंतरावर दुखते. या लक्षणाचे इंग्रजी नाव क्लॉडिकेशन. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लंगडणे. गंमत म्हणजे हे लक्षण आधी घोड्यात ओळखले गेले. १८३१ साली बूले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने थोडे पळाले की लंगडणाऱ्या आणि थांबले की बरे होणाऱ्या घोड्याचे वर्णन केले. त्याच्या मागच्या पायाची धमनी बंद झालेली होती. माणसातले असेच दुखणे १८५८ साली शार्को यांनी मांडले. जिथे आपण राहतो तो हा किनारा घोड्यांच्या व्यापाराचा होता. अल-बलीदचे अवशेष आपण पाहुण्यांना दाखवायला नेतो, तिथल्या जुन्या जफार बंदरातून उत्तम घोडे हिंदुस्थानात जात, असे चौदाव्या शतकात इब्न बतूताने लिहून ठेवले आहे. त्यांतले किती लंगडले ते त्याने लिहिलेले नाही. असो.

लवणीतल्या चुकलेल्या वाटेचा शोध मात्र एका विद्यार्थ्याने लावला. १८७९ साली एडिंबरोला वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या अँडरसन स्टुअर्टपुढे ६४ वर्षांच्या एका माणसाचा कापलेला पाय विच्छेदनासाठी आला. पाय गँगरीनमुळे कापावा लागला होता. त्यात धमनी आतल्या मुळाला वळसा घालून गेलेली त्याला दिसली, आणि पुढे ती फुगलेलीही होती. त्याने ते नीट लिहून छापले. हा विद्यार्थी पुढे सिडनीला गेला आणि तिथल्या वैद्यकीय विद्यालयाची उभारणी त्याने केली. पण त्याच्या त्या टिपणाचा रुग्णांना उपयोग व्हायला तब्बल ८० वर्षे लागली. १९५९ साली हॉलंडमधल्या लायडन येथे हॅमिंग यांनी बारा वर्षांच्या एका मुलाच्या पायात हीच चूक ओळखली, तो स्नायू सोडवला आणि धमनीतली गुठळी काढली. आज आपण वापरतो ते नाव तर १९६५ साली लव्ह आणि व्हेलन या अमेरिकन शल्यविशारदांनी दिले. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या आईवडिलांच्या तरुणपणी या दुखण्याला नावही नव्हते.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. त्याच १८७९ साली व्हिएन्नातील शिक्षणपरंपरेतल्या फॉन विनिवार्टर यांनी तरुण माणसाच्या पायाच्या धमन्या बंद पडण्याच्या दुसऱ्याच एका रोगाचे वर्णन केले. १९०८ मध्ये लिओ बर्जर यांनी तो सविस्तर मांडला आणि त्यांचेच नाव त्याला चिकटले. हा बर्जरचा रोग तंबाखूचा. आपल्या महाराष्ट्रात विडी ओढणाऱ्या तरुण शेतकरी-मजुरांत तो इतका दिसतो की तिकडच्या वॉर्डात वाढलेल्या डॉक्टरांना "तरुण मुलगा, चालताना पोटरी दुखते" म्हटले की पहिला प्रश्न सुचतो तो विडी-सिगारेटचा. तो विचारलाच पाहिजे. पण उत्तर खरोखर "नाही" असेल, तर पुढचा प्रश्न लवणीचा असायला हवा, आणि तिथे बऱ्याचदा गाडी थांबते.

इथे मी एका मुलाची हकीकत सांगते. त्याच्या आईवडिलांनी लिहायला परवानगी दिली आहे; नाव-गाव अर्थातच सांगत नाही. कुटुंब सातारा जिल्ह्यातले. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, त्यामुळे नातवाच्या डोक्यात लहानपणापासून एनडीए. वयाच्या पंधराव्या वर्षापासून तो पळण्याचा सराव करीत होता आणि तेव्हापासूनच त्याची उजवी पोटरी दुखत होती. गणपतीच्या वेळी लेझमीच्या तालमीत तो मध्येच बाजूला जाऊन उभा राहायचा. त्याचा अर्थ आपण सगळे जो लावतो तोच लोकांनी लावला: आजकालच्या मुलांत दम नाही. एका दवाखान्यात वाढीच्या वयाचे दुखणे म्हणून कॅल्शियम दिले. दुसरीकडे रक्त तपासून व्हिटॅमिन डी कमी आहे असे निघाले. (आखातात व्हिटॅमिन डी कमी निघणे ही बातमीच नव्हे. उन्हाच्या देशात आपण सावलीत राहतो.) मग पायाचा एक्स-रे झाला, कमरेचा एमआरआय झाला. सगळे स्वच्छ. शेवटी स्नायू ताणण्याचे व्यायाम शिकवा अशी चिठ्ठी घेऊन तो माझ्याकडे आला, तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि आपल्यातच काहीतरी कमी आहे अशी त्याची जवळजवळ खात्री झालेली होती.

मी विचारले, "दुखायला लागतं कधी?"

"तिसऱ्या फेरीला, काकू."

"रोज तिसऱ्याच?"

"रोज. पहिल्या दोन फेऱ्यांना काहीच नाही. मग पोटरी दगडासारखी होते, पावलाला मुंग्या येतात. तसंच रेटलं तर पाऊल आपटायला लागतं."

"आणि थांबलास की?"

"दोन-तीन मिनिटं. मग परत पळता येतं. पण परत तेवढंच."

आळस असा मोजून येत नाही. स्नायूची ओढाताणही नाही. ती पहिल्या पावलापासून बोलते आणि दुसऱ्या दिवशी जास्त बोलते. मी त्याला पाय सरळ ठेवून झोपायला सांगितले आणि आतल्या घोट्याच्या मागे बोटे ठेवली. नाडी ठणठणीत लागत होती. मग माझ्या हातावर चवडा जोराने दाबायला सांगितले, गाडीचा ॲक्सिलरेटर दाबतात तसा. बोटाखालची नाडी विझत गेली. पाय सैल सोडताच परत आली. डाव्या पायाचेही तसेच झाले, जरी तो पाय कधी दुखला नव्हता. मग उभे राहून थकेपर्यंत टाचा उचलायला लावल्या आणि लगेच पुन्हा पाहिले. उजवीकडची नाडी क्षीण होती आणि पूर्ववत व्हायला तिने वेळ घेतला. डावीकडची लगेच भरून आली. व्यायामाची चिठ्ठी मी बाजूला ठेवली आणि त्याला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवावे असे त्याच्या डॉक्टरांना लिहिले.

माझ्या बोटांनी केलेली ही परीक्षा म्हणजे निदान नव्हे, हे इथे ठळकपणे सांगायला हवे, कारण हा लेख वाचून उद्या घरोघरी घोटे चाचपले जातील याची मला कल्पना आहे. चवडा पूर्ण जोराने खाली दाबला तर पुष्कळ निरोगी माणसांतही लवणीतली धमनी दबते. १९९४ साली अमेरिकेत कसलाही त्रास नसलेल्या लोकांवर असा अभ्यास झाला, तेव्हा निम्म्याहून अधिक पायांत ती दबलेली आढळली. शिवाय पावलाच्या पाठीवरची नाडी काही चांगल्या माणसांत मुळातच लागत नाही. म्हणजे नाडी गेली एवढ्यावरून रोग ठरत नाही, आणि नुसत्या चाचणीवरून ऑपरेशन तर मुळीच ठरत नाही. दुखण्याची हकीकत, व्यायामानंतर घोट्याचा खाली आलेला रक्तदाब आणि चित्रात दिसणारी रचना ही तिन्ही जुळली पाहिजेत. दुखणे किती विरळ आहे याचा अंदाज ग्रीक सैन्यातल्या पाहणीवरून येतो. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सुमारे २०,००० सैनिकांमध्ये ३३ जण सापडले. विरळ खरेच, पण नगण्य म्हणण्याइतके नाही. आणि ज्याला आहे त्याचा पाय एक टक्का नसतो, पूर्ण असतो.

या मुलाची पहिली सोनोग्राफी नॉर्मल आली. तो पालथा झोपलेला, पाय सैल, नळीवर कोणाचाच पाय नाही. रिपोर्ट चुकीचा नव्हता; प्रश्नच विचारलेला नव्हता. सलालाह ते मस्कत म्हणजे रस्त्याने हजार किलोमीटर, त्यामुळे तो रिपोर्ट घेऊन घरी परत येण्याचा मोह आईवडिलांना झाला असता तर नवल नव्हते. पण मस्कतच्या सर्जननी तपासणी पुन्हा करायला लावली. या वेळी पाऊल सैल ठेवून, मग चवडा दाबून, गुडघा सरळ ठेवून. शिवाय ट्रेडमिलवर पळवून, आधीचा आणि नंतरचा घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहिला. साधारणपणे घोट्याचा दाब दंडाइतका किंवा थोडा जास्त असतो, भागाकार ०.९ च्या खाली गेला की संशय घ्यायचा. बसल्या जागी त्याचा आकडा उत्तम होता. पळाल्यावर उजवीकडचा घसरला. मग गुडघ्याचा एमआरआय झाला, ज्यात रक्तवाहिनीबरोबर स्नायूही दिसतो, आणि त्यात आतल्या मुळापासून निघालेला एक जादा पट्टा धमनीवरून आडवा गेलेला स्पष्ट दिसला. दोन वर्षांच्या "दम नाही"चे कारण बोटभर रुंदीचे होते.

हे वेळेवर कळण्याला एवढे महत्त्व का, ते सांगते. चिमटा लाखो वेळा बसला की धमनीची भिंत आतून जखमी होते. जखम भरताना भिंत जाड होते, वाट कायमची अरुंद होते. अरुंद जागेच्या पुढे धमनी कधी फुगते, तिथे रक्ताच्या गुठळ्या धरतात आणि त्यांचे कण खाली बोटांपर्यंत जाऊन अडकतात. कधी ती पूर्ण बंद होते. एडिंबरोच्या त्या कापलेल्या पायाची गोष्ट अशी पुढे गेलेली होती. भिंत चांगली आहे तोवर उपाय सोपा असतो: लवणीत छेद घेऊन अडवणारा पट्टा किंवा मूळ कापून धमनी मोकळी करायची. भिंत बिघडली की मग पायातलीच एक शीर काढून तिचा पूल बांधावा लागतो, ज्याला आपण बायपास म्हणतो, आणि तो जन्मभर सांभाळावा लागतो. फुगा घालून किंवा स्टेंट बसवून हे काम भागत नाही, कारण दाब बाहेरून आहे. तो स्नायू तिथेच राहिला तर स्टेंटलाही चिमटत राहतो. हृदयाच्या स्टेंटची सवय झालेल्या आपल्या लोकांना हे पटवायला जरा वेळ लागतो.

कार्यात्मक प्रकारात मात्र घाई नको. १९८५ मध्ये फ्रान्समधल्या रिन्यो यांनी तो वेगळा मांडला तेव्हापासून त्याच्यावर वाद आहेत. तिथे आधी सराव कमी करणे, पळण्याची पद्धत बदलणे, जोर पोटरीवरून मांडी-नितंबाच्या स्नायूंकडे वळवणे असे आमच्या क्षेत्रातले उपाय होतात. अलीकडे स्नायूत बोटुलिनमची इंजेक्शने देऊन पाहिली गेली आहेत. ऑपरेशन ज्याचे अडलेच आहे त्याच्यासाठी. माझे मत विचाराल तर हौशीने पळणाऱ्या चाळिशीच्या माणसाने कार्यात्मक प्रकारासाठी चाकू लावून घेण्याआधी सायकल घ्यावी.

मुलाचे ऑपरेशन पुण्याला झाले. इथेही होऊ शकले असते, पण शाळेची सुट्टी, बापाची रजा आणि नंतरचे काही आठवडे आजीआजोबांजवळ राहण्याची सोय, हा हिशेब परदेशात राहणाऱ्या कुटुंबांना सांगायला नको. धमनी सुदैवाने चांगली होती. पट्टा कापला एवढेच. काही दिवसांत तो चालू लागला, परत आल्यावर माझ्याकडे घोट्याच्या हालचाली, मग टाचा उचलणे, मग सपाटीवर चालणे असे टप्प्याटप्प्याने केले. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी तो तिसरी फेरी ओलांडून पाचव्या फेरीपर्यंत गेला.

प्रश्न राहिला तो डाव्या पायाचा. एमआरआयमध्ये डावीकडेही तसाच, जरा बारीक पट्टा आहे. हे काही आश्चर्य नव्हे. साधारण तीन रुग्णांत एकाच्या दोन्ही पायांत अशी रचना सापडते. पण तो पाय दुखत नाही, आणि व्यायामानंतर दाबही घसरत नाही. रचना खरोखर चुकीची असेल तर धमनी बिघडण्याआधीच मोकळी करावी असे बरेच सर्जन म्हणतात. न दुखणाऱ्या पायाला चाकू का लावायचा, नजर ठेवू, असे म्हणणारेही आहेत, आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. आईला ऑपरेशन उरकून टाकावे असे वाटते, वडिलांना थांबावेसे वाटते. सध्या ठरले आहे ते एवढेच की बारावीची परीक्षा होईपर्यंत दर सहा महिन्यांनी चवडा दाबून सोनोग्राफी करायची. एनडीएच्या वैद्यकीय तपासणीत सगळे कागद दाखवावे लागतील, म्हणून मुलाने त्यांची वेगळी फाइल करून ठेवली आहे.

पोटरी दुखण्याची इतर कारणे याहून कितीतरी जास्त वेळा सापडतात, त्यामुळे ती ओझरती सांगते. नडगीच्या आतल्या कडेला हात लावला तरी दुखत असेल, पळायला सुरुवात करताना दुखून मग कमी होत असेल, तर बहुधा हाडाच्या आवरणाची सूज. बूट आणि सराव बदलून ती बरी होते. एकाच बोटभर जागेवर, रात्रीही ठणकत असेल तर हाडाला बारीक चीर गेली असण्याचा संभव आहे, तिथे पळणे ताबडतोब बंद. पळताना पोटरी किंवा नडगीची बाजू फुगून तटतटते आणि थांबल्यावर सैल व्हायला पंधरा-वीस मिनिटे किंवा जास्त लागतात, पण नाड्या शाबूत असतात, तर स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढत असतो. तो सुईने मोजता येतो. हे दुखणे लवणीच्या दुखण्याशी इतके सारखे की दोन्हींची गल्लत नेहमी होते, आणि क्वचित दोन्ही एकत्र असतात. उभे राहूनही पाय दुखत असेल आणि वाकून बसल्यावरच बरे वाटत असेल तर कमरेकडे पाहा. आणि वाचक पन्नाशीपुढचे असतील, मधुमेह किंवा सिगारेट असेल, तर "चालले की पोटरी दुखते, थांबले की थांबते" याचा अर्थ बहुतेक वेळा धमनी आतून किटली आहे असा होतो. तिथे लवणीतला पट्टा शोधत बसू नये. तिथे हृदयाचीही तपासणी व्हावी लागते.

पाय एकाएकी गार, पांढरा किंवा निळसर पडला, सतत दुखू लागला, बोटे हलवता येईनाशी झाली, तर मात्र वय कितीही असो, ती तातडीची बाब आहे. तेल-मीठ नाही, सकाळची वाट पाहणे नाही. त्याच घटकेला मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागात जायचे, कारण अशा वेळी पाय वाचवण्याची मुदत तासांत मोजतात.

एरवी, घरातल्या कुणा धावणाऱ्या मुलामुलीची अशी तक्रार असेल तर डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आठवडाभर एक वही ठेवा. कोणत्या जमिनीवर, किती अंतरावर किंवा किती मिनिटांनी दुखू लागले, नेमके कुठे, पाऊल बधिर झाले का, थांबल्यावर घड्याळात किती मिनिटांनी गेले, आणि पुन्हा पळाल्यावर तेवढ्याच अंतरावर आले का. "खूप दुखतं" यापेक्षा "आठशे मीटरला येतं, तीन मिनिटांत जातं" हे डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगते. मुलीच्या बाबतीतही ही वही ठेवा. हा आजार मुलांत जास्त आढळतो म्हणून मुलींचे दुखणे आणखी उशिरा ओळखले जाते. सोनोग्राफी सांगितली गेली तर तंत्रज्ञांना आधीच विचारा की पाय सैल ठेवून आणि चवडा खाली दाबून अशा दोन्ही अवस्थांत पाहणार का, आणि दोन्ही पाय पाहणार का. घोट्याचा रक्तदाब मोजणार असतील तर पळण्याचे बूट बरोबर न्या, कारण तो पळवून आणल्यावर पुन्हा मोजायचा असतो.